देरिदा, फुको आणि ‘विद्यापीठं बुडवणारे पोस्टमॉडर्न’: आरोप करण्याआधी वाचलंय का कुणी?

धागा : रानवेल

अमेरिकेतल्या विद्यापीठांवरून तिकडे जे वाद पेटतात ते आता इथेही येऊन आदळतात. कुठल्याही धाग्यावर ‘वोक’ (वंश, लिंग यांवरच्या अन्यायाबद्दल अति जागरूक, असा टोमणा) हा शब्द आला की दहाव्या प्रतिसादापर्यंत कुणीतरी ‘पोस्टमॉडर्निस्टांनी (उत्तर-आधुनिकतावाद्यांनी) वाट लावली’ असं लिहितंच. आरोपपत्र ठरलेलं आहे. साठ-सत्तरच्या दशकात देरिदा, फुको, ल्योतार अशा काही फ्रेंच विचारवंतांनी ‘सत्य असं काही नसतंच’ असं सांगितलं. अमेरिकेतल्या इंग्रजी विभागांनी ते उचललं. तिथून ते वंश, स्त्रिया, लैंगिकता यांच्या अभ्यासात शिरलं आणि आता विद्यापीठात खरं-खोटं काही उरलेलं नाही. सबब विभाग गुंडाळा, निधी थांबवा.

मला तिथल्या विद्यापीठांची वकिली करायची नाही. पण ज्यांच्या नावानं हा शिमगा चाललाय, त्यांचं लिखाण मी एम.ए.ला आणि नंतरही बरंच वाचलंय. वादात त्यांच्या तोंडी जे घातलं जातं ते त्यांच्या पानांवर सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

सगळ्यात जास्त फिरवलं जाणारं वाक्य झाक देरिदाचं: ‘संहितेच्या बाहेर काही नाही.’ १९६७ सालच्या ‘ऑफ ग्रामॅटॉलॉजी’तलं हे वाक्य. १९७६ साली गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी ते पुस्तक इंग्रजीत आणलं. राजकीय भाषणांत या वाक्याचा अर्थ होतो की जग नाही, वस्तुस्थिती नाही, आहेत ते फक्त शब्द. आता ते येतं कुठे ते बघा. देरिदा रूसोचं आत्मचरित्र वाचतोय. रूसो त्याच्या ‘ममाँ’बद्दल, म्हणजे मादाम द वारेन्सबद्दल लिहितो, पुढे आपल्या जोडीदारणीबद्दल, तेरेझबद्दल लिहितो. आपल्याला वाटतं, हे लिखाण बाजूला सारलं की मागे खरी ममाँ, खरी तेरेझ सापडेल. देरिदा दाखवतो की रूसोला स्वतःलाही त्या तशा थेट मिळत नाहीत. ममाँ म्हणजे गेलेल्या आईची भरपाई आणि तेरेझ म्हणजे ममाँची. प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी जागी उभी. या बायका नव्हत्याच असं तो कुठेही म्हणत नाही. पुढे १९८८ साली ‘लिमिटेड इंक’च्या अखेरीस त्यानं हे स्वच्छ सांगितलं आहे: संदर्भाबाहेर काही नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच पानावर आहे आणि ती कुणीच सांगत नाही. हे वाक्य येण्याच्या जरासं आधी देरिदा बजावतो की टीकेची जुनी, काटेकोर साधनं आधी पाळलीच पाहिजेत. लेखकाला काय म्हणायचं होतं, त्याच्या भाषेत त्या शब्दाचा वापर कसा होता, हे पक्कं केलं नाही तर वाचन वाटेल त्या दिशेला जाईल आणि स्वतःलाच वाटेल ते बोलायचा परवाना देऊन टाकेल. हा कठडा फक्त राखण करतो, त्यानं वाचन खुलत नाही, हे त्याचं पुढचं म्हणणं. पण कठडा हवाच. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी त्याला गेली पन्नास वर्षं उभं केलं जातंय, त्याच गुन्ह्याविरुद्धचा इशारा त्यानं त्याच पानावर दिलेला आहे.

दुसरं पुस्तक ल्योतारचं, ‘द पोस्टमॉडर्न कंडिशन’, १९७९. ‘महाकथनांवरचा’, म्हणजे सगळा इतिहास एका सूत्रात समजावणाऱ्या मोठ्या कथांवरचा, ‘अविश्वास’ हा शब्दप्रयोग इथला. हे पुस्तक म्हणजे कॅनडातल्या क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेनं मागवलेला अहवाल आहे. विषय: संगणकाच्या युगात ज्ञानाचं काय होणार. ल्योतार त्यात लिहितो की विद्यार्थी, सरकार, विद्यापीठ यापुढे ‘हे खरं आहे का’ असं विचारणार नाहीत. ‘याचा उपयोग काय, हे विकलं जाईल का’ असं विचारतील. सत्याचा प्रश्न मागे पडतोय अशी नोंद करणाऱ्या माणसालाच सत्य मारल्याचा आरोपी केलंय. आज कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या जाहिराती बघा, म्हणजे त्यानं काय ओळखलं होतं ते कळेल.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘पोस्टमॉडर्न नव-मार्क्सवाद’ ही मोट. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉर्डन पीटरसन यांच्यामुळे ती घराघरात पोचली. फुकोनं १९६६ साली लिहिलं होतं की मार्क्सवाद एकोणिसाव्या शतकात पाण्यातल्या माशासारखा आहे, बाहेर काढला की त्याला श्वास घेता येत नाही. त्यावर भडकून सार्त्रनं त्याला ‘मार्क्सविरुद्ध भांडवलदारांनी उभारलेली शेवटची तटबंदी’ ठरवलं. ल्योतार तर मार्क्सवादी गटात बरीच वर्षं काढून बाहेर पडलेला माणूस. आणि ज्या फ्रँकफर्ट परंपरेला, म्हणजे जर्मन मार्क्सवादी विचारवंतांच्या गटाला, या कटाचं मूळ म्हटलं जातं, तिचा वारस हाबरमास हा या फ्रेंच मंडळींचा सगळ्यात कडवा टीकाकार. १९ एप्रिल २०१९ ला टोरंटोत पीटरसन आणि मार्क्सवादी तत्त्वज्ञ झिझेक समोरासमोर आले तेव्हा झिझेकनं सरळ विचारलं की हे मार्क्सवादी नक्की कोण, नावं सांगा. तो प्रश्न रास्त होता.

तुमचं काय म्हणणं? वाचलेल्यांनी वाचलेलं लिहा. न वाचलेल्यांनी प्रश्न विचारा, पण ‘सगळं भंपक आहे’ एवढंच लिहून जाऊ नका.

प्रतिसाद : भौतिकप्रेमी

रानवेल ताई, मेहनत दिसते. पण एवढं सोवळं नेसवू नका या मंडळींना. १९९६ साली ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञानं ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकाला मुद्दाम अर्थहीन लेख पाठवला. भौतिक वास्तव हीसुद्धा शेवटी सामाजिक आणि भाषिक रचना आहे, असं सुरुवातीलाच लिहिलं आणि पुंज-गुरुत्वाच्या (क्वांटम ग्रॅव्हिटीच्या) नावाखाली शुद्ध थापा मारल्या. लेख छापून आला! संपादकांपैकी कुणी भौतिकशास्त्रज्ञाला दाखवायची तसदी घेतली नाही. नंतर सोकलनं जाहीर केलं की ज्यांना भौतिकीचे नियम म्हणजे केवळ संकेत वाटतात त्यांनी माझ्या घराच्या खिडकीतून ते ओलांडून पाहावेत, मी एकविसाव्या मजल्यावर राहतो. मी स्वतः प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या क्षेत्रातले शब्द अर्थ न कळता वापरलेले पाहिले की खरंच चीड येते, आणि त्या चिडीमागे राजकारण नसतं.

प्रतिसाद : रानवेल

भौतिकप्रेमी, तुमची चीड मला मान्य आहे. ‘सोशल टेक्स्ट’च्या संपादकांनी जे केलं त्याला बचाव नाही, आणि नंतरची त्यांची सारवासारव तर अजून वाईट होती.

पण सोकलचंच पुढे वाचा. पुढच्या वर्षी त्यानं आणि झाँ ब्रिकमोंनं मिळून पुस्तक लिहिलं. लाकाँ, क्रिस्तेवा, बोद्रियार वगैरेंनी गणित-विज्ञानाच्या संज्ञा कशा बेफिकिरीनं वापरल्या ते उताऱ्यांसकट दाखवलं. त्यात देरिदावर प्रकरण नाही. का नाही, तेही त्यांनी सांगितलंय: मूळ फसव्या लेखात देरिदाचं आइनस्टाइनबद्दलचं जे अवतरण घेतलं होतं ते १९६६ साली एका परिषदेत प्रश्नाला दिलेल्या तोंडी उत्तरातलं होतं, आणि त्याच्या लिखाणात विज्ञानाचा असा पद्धतशीर गैरवापर त्यांना आढळला नाही. सोकल प्रामाणिक माणूस. तो नेमकं बोट ठेवतो, कोणावर ठेवायचं नाही तेही सांगतो. शिवाय तो डावा. सँडिनिस्टांच्या, म्हणजे तिथल्या डाव्या क्रांतिकारकांच्या सरकारच्या काळात निकाराग्वात जाऊन गणित शिकवून आलेला. त्याची तक्रार होती की असल्या लिखाणानं डाव्या चळवळीचं नुकसान होतंय. आज त्याच्या नावानं विद्यापीठांची अनुदानं कापायची भाषा होते, तेव्हा हे सगळं गाळलेलं असतं.

या मंडळींच्या खऱ्या दोषांबद्दल बोलायचं तर मी पॉल द मानचं नाव घेईन. येल विद्यापीठातला विरचनेचा (देरिदाच्या वाचनपद्धतीचा, ‘डिकन्स्ट्रक्शन’चा) मोठा समीक्षक. तो वारल्यावर १९८७ साली उघड झालं की जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये त्यानं नाझींच्या ताब्यातल्या ‘ल स्वार’ वर्तमानपत्रात लेखन केलं होतं. त्यातला मार्च १९४१ चा एक लेख सरळसरळ ज्यूविरोधी आहे. देरिदानं मित्रप्रेमापोटी त्या लेखाचं जे वाचन केलं ते मला आजही पटत नाही. कठड्याबद्दल इतकं नेमकं लिहिणाऱ्यानं तिथे कठडा सोडला.

प्रतिसाद : टँपाकर

मी फ्लोरिडात बरीच वर्षं आहे, मुलगी इथल्याच सरकारी विद्यापीठात शिकते, त्यामुळे हा विषय आमच्या जेवणाच्या टेबलावरचा. थोडं सविस्तर लिहितो, कारण भारतात याचं अर्धंच चित्र पोचतं.

इथे वादात सगळ्यात जास्त शिव्या खातो तो ‘क्रिटिकल रेस थिअरी’ (वंशभेद कायद्यात आणि संस्थांतच कसा मुरलेला असतो याचा अभ्यास) हा शब्द, आणि लोक तिचं मूळ फ्रान्समध्ये शोधतात. तिचं मूळ न्यायालयात आहे. डेरिक बेल हा नागरी हक्कांचे खटले लढलेला वकील, मग हार्वर्डला कायद्याचा प्राध्यापक. किंबर्ले क्रेनशॉही कायद्याच्याच प्राध्यापक. ‘इंटरसेक्शनॅलिटी’ (वंश, लिंग असे भेदभाव एकाच माणसावर एकत्र येणं) हा शब्द त्यांनी १९८९ च्या लेखात आणला तो एका खटल्यावरून. जनरल मोटर्सनं १९६४ पूर्वी काळ्या बायका कामावर घेतल्याच नव्हत्या. मंदी आली, शेवटी आलेले आधी काढायचे या नियमानं १९७० नंतर घेतलेल्या सगळ्याजणी गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ साली कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. काळ्यांच्या बाजूनं वेगळा दावा चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही एकत्र करून नवा वर्ग काढता येणार नाही. पण कंपनीतल्या त्या ‘बायका’ होत्या ऑफिसातल्या गोऱ्या, आणि ‘काळे’ होते कारखान्यातले पुरुष. या पाच जणी दोन्हीकडून गळल्या. हे समजायला देरिदा लागत नाही, हजेरीपट लागतो.

आता कायद्याकडे येतो. २०२२ साली इथे ‘स्टॉप वोक’ कायदा झाला, वंश आणि लिंगभेदाबद्दलची काही मतं शिकवण्यावर बंधनं घालणारा. नोव्हेंबरात संघीय न्यायाधीश मार्क वॉकर यांनी विद्यापीठांपुरता तो रोखला. राज्याच्या वकिलांचा युक्तिवाद असा होता की सरकारी विद्यापीठातला प्राध्यापक वर्गात बोलतो ते सरकारचंच बोलणं, म्हणून काय बोलायचं ते सरकार ठरवणार. २०२३ च्या दुसऱ्या कायद्यानं, अमेरिकेच्या संस्थांमध्येच वंशभेद मुरलेला आहे अशा सिद्धांतांवर आधारलेले विषय पायाभूत अभ्यासक्रमातून काढायला लावले. ज्ञान कशाला म्हणायचं हे सत्ता ठरवते, हे फुकोनं सांगितलं म्हणून ज्यांना राग येतो, त्यांनीच तो कायदा लिहिलाय.

आणि हा गोंधळ निव्वळ अज्ञानातून आलेला नाही. या मोहिमेतले प्रमुख क्रिस्टोफर रूफो यांनी मार्च २०२१ मध्ये ट्विटरवर उघडच लिहिलं होतं की वर्तमानपत्रात काहीही विचित्र वाचलं की लोकांना ‘क्रिटिकल रेस थिअरी’ आठवावी, हे आमचं उद्दिष्ट. त्यांनाच २०२३ साली न्यू कॉलेज ऑफ फ्लोरिडाच्या विश्वस्त मंडळावर नेमलं गेलं.

प्रतिसाद : पैलतीर

टँपाकर, खटल्याची माहिती उत्तम. पण ‘फ्रान्सशी काही संबंधच नाही’ असा सूर लागतोय तो बरोबर नाही. क्रेनशॉ यांनी १९९१ च्या लेखात स्वतः लिहिलंय की इंटरसेक्शनॅलिटी ही आजचं राजकारण आणि पोस्टमॉडर्न सिद्धांत यांना जोडणारी तात्पुरती संकल्पना आहे असं मी मानते. नातं आहे. ते नाकारलं तर आपणही तेच करतोय जे समोरचे करतात.

प्रतिसाद : रानवेल

पैलतीर, हे आणलंत ते फार चांगलं झालं. त्याच लेखात त्या पुढे अशीही तक्रार करतात की ‘सगळे प्रवर्ग समाजानंच रचलेत, म्हणून काळे किंवा स्त्रिया असं काही नसतंच’ ही सिद्धांताची बाळबोध आवृत्ती झाली. प्रवर्ग रचलेला असला तरी नोकरी खरोखर जाते, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे त्यांनी सिद्धांत घेतला, आणि आज ज्याला पोस्टमॉडर्न मूर्खपणा म्हणतात त्याला तीसेक वर्षांपूर्वीच हटकलंही. नातं आहे, पण भांडणाऱ्या नातेवाइकांचं.

प्रतिसाद : गिरणगाव

आम्ही जुने डावे. आमचा राग अगदी वेगळा आणि तुमच्या वादात त्याला कुणी विचारत नाही. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ साली सांगितलं की पोस्टमॉडर्न संस्कृती म्हणजे उत्तरकालीन भांडवलशाहीचंच सांस्कृतिक तर्कशास्त्र आहे. डेव्हिड हार्वे, टेरी ईगलटन यांनीही हीच बाजू लावून धरली. शोषितांच्या हातात एकजुटीचं जे साधन होतं, सर्वांना लागू होणाऱ्या न्यायाची भाषा, तिच्यावरच यांनी संशय घेतला. कारखाने बंद पडत होते, युनियन मोडत होत्या आणि विद्यापीठातले पुरोगामी कादंबऱ्यांतले अंतर्विरोध शोधत होते. आम्हाला नव-मार्क्सवादी पोस्टमॉडर्न म्हणणं म्हणजे आमचा आणि त्यांचा, दोघांचाही अभ्यास न करणं.

एक मात्र नोंदवतो. १९९३ साली, सोव्हिएत संघ कोसळून सगळे मार्क्सला मूठमाती देत होते तेव्हा, ‘स्पेक्टर्स ऑफ मार्क्स’ लिहायला देरिदाच पुढे आला. उशिरा आला, आमच्या बऱ्याच लोकांना पटलं नाही, पण आला.

प्रतिसाद : मांडवीतीर

छोटी भर. ही मोहीम आजची नाही. १९९१ साली ‘इलिबरल एज्युकेशन’ लिहून अमेरिकन विद्यापीठांवर तुटून पडलेले दिनेश डिसूझा मूळचे आमच्या गोंयकार घरातले, जन्म मुंबईचा. त्याआधी १९८७ साली ॲलन ब्लूम यांचं पुस्तक गाजलं होतं. आणि फ्रान्समध्ये आता उलटी बोंब आहे. जानेवारी २०२२ मध्ये सोर्बोनला ‘विरचनेनंतर’ या नावाची परिषद भरली, शिक्षणमंत्री ब्लांकेर यांनी उद्घाटन केलं, आणि तिथला सूर असा की हे खूळ अमेरिकेतून आलं. दोन्ही देश एकमेकांकडे बोट दाखवतायत.

प्रतिसाद : लखलख

सगळं ठीक, पण भारताचं काय? मीरा नंदा यांनी २००३ च्या पुस्तकात लिहिलंय की आधुनिक विज्ञान म्हणजे पाश्चात्त्यांचं एक ‘कथन’ असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या विद्वानांनी ‘वैदिक विज्ञान’वाल्यांना आयतं कोलीत दिलं. १९८१ साली मुंबईच्या नेहरू सेंटरनं वैज्ञानिक दृष्टिकोनाचं निवेदन काढलं, तेव्हा त्याला विरोध करायला समाजचिंतक आशिस नंदी पुढे आले. हा दोष तरी मान्य करा. विज्ञानाचा सामाजिक अभ्यास करणारे फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांनीही २००४ साली लिहिलं की हवामानबदल नाकारणारे आमचीच हत्यारं वापरतायत की काय.

प्रतिसाद : रानवेल

लखलख, धाग्यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप हाच. नंदांचं पुस्तक मी आदरानं वाचलंय. आशिस नंदींनी विज्ञानाच्या सत्तेवर जे प्रश्न विचारले, धरणं, अणुऊर्जा, तज्ज्ञांची मनमानी, ते विचारायलाच हवे होते. पण श्रद्धा आणि प्रयोग यांना त्यांनी कधी कधी एकाच पंगतीत बसवलं, तिथे नंदा बरोबर आहेत.

तरी कार्यकारण मला पटत नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात इंडियन सायन्स काँग्रेस भरली. तिथे प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार होता, तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ सालीच दाखवलेलं होतं. आता त्या निबंधाचा सूर आठवा. ‘सत्यं अनेक असतात, आमचंही एक’ असा होता का? नाही. ‘आमचंच खरं, विज्ञानानं आत्ता कुठे ओळखलं’ असा होता. त्यांना विज्ञानाचा शिक्का हवा होता. विज्ञान परिषदेतलाच मंच त्यासाठीच हवा होता. ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ मानणारा सापेक्षतावादी माणूस तिथे फिरकला नसता. असा दावा मोडायला देरिदाचा कठडाच लागतो: ग्रंथ कधीचा, कुणी लिहिला, शब्दाचा त्या काळी वापर काय.

प्रतिसाद : सातारचे मास्तर

मी इंग्रजी साहित्य शिकवतो, पदवीच्या तिसऱ्या वर्षाला. गैरसमज फक्त राजकारणी पसरवतात असे नाही, आमच्या वर्गातही ते तयार होतात, हे लिहायलाच हवे. बाजारातल्या गाईडमध्ये रोलाँ बार्थच्या ‘लेखकाचा मृत्यू’वर चार ओळी असतात: लेखक मेला, अर्थ वाचकाच्या मर्जीवर, कुठलाही अर्थ चालतो. मुले तेच लिहितात आणि तपासणारे गुण देतात.

मी आता गाईड बंद करायला लावून लेखाची पहिली काही वाक्ये फळ्यावर घेतो. बार्थ बाल्झाकच्या कथेतले एक वाक्य उचलतो. स्त्रीवेषातल्या एका खच्ची केलेल्या गायकाबद्दल ते आहे: हीच ती स्त्री, तिची अचानक वाटणारी भीती, तिचे अकारण हट्ट. मग तो विचारतो, हे कोण बोलते आहे? भुललेला नायक? बाल्झाक नावाचा माणूस? स्त्रियांविषयी ‘साहित्यिक’ मते बाळगणारा लेखक? की जगाचे तथाकथित शहाणपण? मुले आधी गप्प असतात, मग भांडायला लागतात, आणि प्रत्येकाला वाक्यातला शब्द दाखवावा लागतो. त्या तासाला ‘कुठलाही अर्थ चालतो’ असे म्हणणारा एकही उरत नाही. नंतर त्यांना वर्तमानपत्रातला अग्रलेख देतो आणि तोच प्रश्न विचारायला सांगतो. ‘जनतेची इच्छा आहे की’ या शब्दांपाशी सगळी थांबतात.

प्रतिसाद : नवी_पालवी

मास्तर, मला साहित्यातलं कळत नाही, इतिहासाची आवड आहे. फुको वाचायचा तर कुठून सुरुवात करू? तत्त्वज्ञान झेपेल असं वाटत नाही.

प्रतिसाद : सातारचे मास्तर

‘डिसिप्लिन अँड पनिश’, १९७५. थेट पहिल्या पानापासून. सुरुवातीला सिद्धांत नाहीच, कागदपत्रे आहेत. राजावर हल्ला करणाऱ्या दामियाँला मार्च १७५७ मध्ये झालेली शिक्षा, भर चौकात हाल करून मारण्याची, तत्कालीन नोंदींतून सविस्तर. लगेच पुढे, ऐंशी वर्षांनंतरचे, पॅरिसमधल्या बालकैद्यांच्या तुरुंगाचे नियम: हिवाळ्यात दिवस सहाला सुरू, उन्हाळ्यात पाचला, नऊ तास काम, दोन तास शिक्षण. मग फुको विचारतो की या दोन कागदांच्या मधल्या काळात शिक्षेचे काय झाले. दया वाढली, की पकड वाढली?

तथ्य नाकारणारा लेखक म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते तो पानोपानी अभिलेखागारातले दस्तऐवज समोर ठेवतो, हे तुम्हाला पहिल्या प्रकरणातच दिसेल. त्याने काढलेल्या निष्कर्षांवर, विशेषतः कालखंड पाडण्यावर आणि फ्रान्सबाहेर ते किती लागू पडतात यावर, इतिहासकारांनी बरेच आक्षेप घेतलेले आहेत. तुम्हाला इतिहासाची आवड आहे तर तेही दिसतीलच. पहिले प्रकरण झाले की इथेच लिहा, तिथून पुढे बोलू.